भालूचे सहा तास

दुपारचे अडीच वाजलेत. मी चटईवर आडवी झालेय, वर पंखा कुरकुरतोय, आणि हातातल्या फोनवर माझ्याबद्दलचा लेख तिसऱ्यांदा वाचतेय. खोटं कशाला बोलू, पाचव्यांदा.

विज्ञान, समाज, माणसामाणसांतली नाती असं काय काय छापणारं हे संकेतस्थळ. माझा धाकटा भाऊ भालू ते रोज वाचायचा, आणि सकाळच्या चहाबरोबर एकेक लेख मोठ्यानं ऐकवून माझं डोकं उठवायचा. आयटीआयमध्ये लेथवर धातू कातायला शिकवायचा तो. दोन महिन्यांपूर्वी गेला. ना त्याचं लग्न झालेलं, ना माझं, त्यामुळे चितेला अग्नी मीच दिला. म्हणून आता त्याच संकेतस्थळावर मी आहे, 'परंपरेला प्रश्न विचारणारी बहीण'. खाली तीनशे प्रतिक्रिया आहेत. पाच वाजता माझा सत्कार आहे.

लेखात एक गोष्ट नाही. ती मी कुणालाच सांगितलेली नाही.

अक्षरं फुगायला लागतात. मला झोप लागलेली नाही हे नक्की, कारण पंखा ऐकू येतोय आणि खुर्चीत बसलेला भालू दिसतोय. उघडाच आहे, फक्त पायजमा. माझा फोन त्याच्या हातात आहे.

"'ताई, तुमच्या धैर्याला सलाम,'" तो वाचतो. "वा अक्का! पुढचं ऐक. 'भावाची इच्छा बहिणीनं पुरी केली.' कुठली गं इच्छा?"

"भालू, चहा टाकू का?"

तो फोन भिंतीवर फेकतो. काचा माझ्या केसांत उडतात. मनगट धरून तो मला उठवतो, लहानपणी गोट्यांवरून भांडताना पिळायचा तसंच पिळतो.

"माझं शरीर कुठाय?"

स्वयंपाकघरात जायला मी वळते, तर तिथं त्याचं वर्कशॉप आहे. लेथ मशीन मात्र एकही नाही. मधोमध स्टीलचं लांब टेबल, आणि भोवती तीसेक मुलंमुली पांढऱ्या एप्रनमध्ये उभी. प्रत्येकाच्या हातात पातं आहे. टेबल रिकामं आहे. ती पात्यांच्या मुठी टेबलावर आपटताहेत. ठण. ठण. ठण.

"यांना काय देऊ आता?" भालू ओरडतो. "लेथ उघडल्याशिवाय कळतो का कुणाला? मग माणूस कसा कळणार? मी देहदानाचा फॉर्म भरला होता. साक्षीदार म्हणून सही कुणाची होती?"

"माझी."

"सहा तासांत मेडिकल कॉलेजला फोन करायचा होता. नंबर फ्रिजवर चिकटवला होता मी. केलास?"

"धावपळीत वेळच..."

तो मला टेबलावर ढकलतो. पाठ स्टीलवर आदळते.

"घड्याळासमोर बसली होतीस तू! मी आतल्या खोलीत पडलेलो, आणि तू सहा तास संपायची वाट बघत होतीस!"

हे खरं आहे. तो गेला त्या सकाळी, साडेपाचपासून साडेअकरापर्यंत. शेजारच्या बाई म्हणाल्या, नलिनीताई, रडा हो मोकळ्यानं. मी काटा बघत होते.

"तुला चिरलं असतं रे त्यांनी!" मी किंचाळते. "मला नाही सोसलं ते!"

"आणि हे सोसलं?"

टेबलाखालून जाळ येतो. मी बाजूला उडी मारते, आणि आम्ही घाटावर आहोत. आता भालू लाकडांवर आहे. तो आडवा राहत नाही. आगीत त्याचे हात कोपरात आखडतात, मुठी वळतात, कुणाला ठोसा मारायचा असल्यासारख्या वर येतात. हे मी तेव्हाही पाहिलं होतं. घाटावरचा माणूस बांबू घेऊन येतो आणि त्या मुठी खाली ठोकतो. एकदा, दोनदा. हाड मोडल्याचा आवाज येतो.

"डोळे उघड," भालू जाळातून म्हणतो. त्याचा एक गाल गेलाय. "तेव्हा मिटले होतेस. आता बघ."

"बास कर."

"कवटी फुटेपर्यंत थांबलात ना सगळे? मग काय म्हणालात? चला, मोकळा झाला. कुणी पोहे खाल्ले, कुणी तुझे फोटो काढले."

आणि ती फुटते. त्या आवाजानं मी त्याच्यावर धावून जाते. का, ते मला सांगता येणार नाही. त्याच्या उरलेल्या केसांना धरते, थोबाडीत मारते. हात त्याच्या तोंडात आत जातो आणि राखेनं भरून बाहेर येतो. मी पुन्हा मारते. मला माझ्या भावाचा भयंकर राग आलेला आहे.

"परक्या पोरांनी तुला उघडं बघावं? हात लावावा? खाली वाकून हसावं? तू माझा होतास, भालू!"

"मी माझा होतो."

हे तो शांतपणे म्हणतो, आणि मला मार बसल्यापेक्षा जास्त लागतं.

आता पुन्हा स्टीलचं टेबल. त्यावर मी आहे. मुलं जवळ आलीत, पण पाती खाली ठेवलीत. त्यांचे चेहरे घाबरलेले आहेत, पहिल्या दिवशी भालूच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या पोरांसारखे. कुणीही हसत नाही. एक मुलगी माझ्या पायांना हात लावून नमस्कार करते.

भालू माझ्या गळ्याच्या खळगीवर अंगठ्याचं नख टेकवतो.

"इथून सुरुवात करतात," तो पोरांना सांगतो. मग नख दाबून खाली ओढतो. सरळ, रेघ जराही वाकू न देता. "दुखलं, अक्का?"

"दुखलं!"

"मला दुखलं नसतं."

मी चटईवर उठून बसलेय. पावणेचार झालेत. फोन जिथल्या तिथे आहे, काच शाबूत आहे, आणि तो वाजतोय. छातीवर काहीतरी चरचरतंय. मी पदर बाजूला करते. गळ्याच्या खळगीपासून ब्लाउजच्या काठापर्यंत एक लाल रेघ आहे, पट्टी धरून ओढावी तशी. रक्ताचे बारीक थेंब वर येताहेत. माझ्याच उजव्या अंगठ्याच्या नखात कातडी अडकलीय.

फोन सत्काराचं सगळं बघणाऱ्या वाघमोडे सरांचा आहे.

"ताई, गाडी निघाली बरं का. भाषण लिहून झालं ना? आणि लेखावर अजून पन्नास प्रतिक्रिया आल्यात, वाचल्यात का?"

"सर, लेखात चूक आहे."

"कसली हो? तारीख चुकली का?"

"भालूला जाळायचं नव्हतं," मी म्हणते.

पलीकडे सर विचारतात, "म्हणजे?" मी सांगायला लागते, साडेपाचपासून. रेघेतून एक थेंब ओघळून ब्लाउजवर उतरतो, आणि मी तो पुसत नाही.