शंभराला पाच आणि आमच्या तीन खोल्या

आखातात, रुवैसच्या पुढे, मोठा रस्ता सोडून वाळूत पन्नासेक किलोमीटर आत आमचा कॅम्प होता. प्लायवूडच्या चाळीस खोल्या, खोलीत सहा माणसं, एक मेस, एक दुकान आणि दिवसातून दोनदा येणारा पाण्याचा टँकर. मी परांची बांधणाऱ्या टोळीचा मुकादम, तिथल्या भाषेत चार्जहँड. शाळा तिसरीपर्यंत. पण मी बांधून घेतलेल्या परांचीवरून चौदा वर्षांत एक माणूस खाली पडला नाही. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

दोन हजार साल उलटून एखादं वर्ष झालं असेल. त्या थंडीत एका खोलीत हीटरने गादी पेटली आणि गादीने खोली. माणसं सगळी ड्युटीवर होती म्हणून वाचली. सरकारी बंब आला तेव्हा विझवायला खिळे उरले होते. बंबवाल्यांनी आमच्याकडे एक पैसा मागितला नाही, उलट पाणी प्यायला दिलं. त्यांचा तरी काय दोष, अंतरच तेवढं.

मग पंधरा दिवसांनी ऑफिसचा कारकून एक कागद घेऊन मेसमध्ये आला. पुण्याकडचा पोरगा, मला काका म्हणायचा. त्याने वाचलं ते असं. कॅम्पच्या दुकानात जे काही विकलं जाईल त्यावर शंभराला पाच जास्त लावायचे. त्या पैशातून प्रत्येक रांगेला आग विझवायचे लाल सिलिंडर, सहा माणसांना ट्रेनिंग, आणि आजारी माणसाला नेण्यासाठी एक पिकअप, आत झोपवायची सोय केलेली, ड्रायव्हरसकट चोवीस तास दारात. गाडी ऑफिस देणार, तिचा खर्च आम्ही चालवायचा. कॅम्पमध्ये तीन ठेकेदारांची माणसं, म्हणून एकटा कुणी खर्च उचलेना. शुक्रवारी जेवणानंतर मीटिंग. खोलीमागे एक हात. अर्ध्याहून जास्त हात वर झाले की पुढच्या महिन्यापासून चालू.

आता बघा. मी रजेवर गावी गेलो की छाती काढून सांगायचो, तिकडे टॅक्स नाही. त्यासाठी तर वाळू खात होतो. आणि हा पोरगा म्हणतो शंभराला पाच. मी त्याला तसं म्हणालो तर तो म्हणाला, काका, हा टॅक्स नाही, लेव्ही आहे. फरक काय ते विचारलं तर म्हणाला, टॅक्स सरकार घेतं. मग हे कोण घेतं? तर आपणच. आपणच आपल्याकडून घ्यायचं, तर मग द्यायचं कुणाला?

टँकरवाल्या पठाणाला विचारलं. तो म्हणाला, भाईजान, चंदा है, जैसे मस्जिद का. दुकानदार मल्याळी. त्याला विचारलं तर त्याने दोन्ही हात झटकले, मी घेणार आणि देणार, मला काही सुटत नाही. आमच्या खोलीतल्या एकाने हिशेब केला, पाच दिरहमच्या सामानाला पाव दिरहम, म्हणजे आपले तीन रुपये. तो त्या तीन रुपयांवर अख्खा दिवस हळहळला. चौघांना विचारून मला पहिल्यापेक्षा कमी समजलं. आणि समजलं नाही हे बोलायची सोय नव्हती. कोकणातल्या माणसांच्या तीन खोल्या माझ्या शब्दावर चालायच्या.

माझं डोकं अडकलं ते वेगळ्याच ठिकाणी. आमच्या गावात डोंगराला वणवा लागला की घरटी एक माणूस निघतो, हातात ओला टहाळा घेऊन. जो येत नाही त्याला नारळाचा दंड. देवळाची वर्गणीसुद्धा घरटी, आणि ती सर्वांसमोर नावानिशी वाचली जाते. कुणी दिलं, कुणी बुडवलं, देवाला आणि गावाला दोघांना कळतं. इथे काय, जो बिस्किटं घेईल तो देणार, जो उपाशी राहील तो सुटणार. दिवसाला दोन पाकिटं सिगारेटी फुंकणारा आग विझवायला सगळ्यात जास्त देणार. आणि नाव कुणाचंच नाही. नाव नाही ते देणं कसलं?

हे सगळं मी बाजूला ठेवलंही असतं, कारण आमचा सुतार.

तो माझ्याच वाडीतला, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, दुसऱ्या खोलीचा प्रमुख. शटरिंगच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आग लागायच्या महिनाभर आधी एका शुक्रवारी दुपारी कपडे धुताना तो बादलीवर वाकला तो तसाच राहिला. घामाने भिजला, तोंड राखेसारखं. कॅम्पमध्ये एक गाडी नव्हती. शेवटी पठाणाच्या टँकरमध्ये, पुढच्या सीटवर आम्हा दोघांच्या मध्ये बसवून नेला. खड्ड्यात टँकर आपटला की तो माझा हात दाबायचा. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, हार्ट. पुन्हा झालं तर अर्ध्या तासात आणा.

ऑफिसला आम्ही सांगितलं, पोटात गॅस धरला होता. हार्ट म्हटलं असतं तर मेडिकल अनफिट, व्हिसा कॅन्सल. गावी त्याच्या घराचा खालचा मजला झाला होता, वरच्याला सळया बाहेर काढून ठेवल्या होत्या. त्याला अजून दोन वर्षं काढायची होती. कागद वाचला त्या संध्याकाळी तो माझ्या खाटेवर येऊन बसला.

"दादा, बाकीचं मला नको. ती गाडी तेवढी होऊ दे."

मी म्हणालो, होईल. आणि माझ्या मनाने ठरवलं की गाडी आणायची, पण आपल्या पद्धतीने. खोलीमागे ठरावीक वर्गणी, मेसच्या भिंतीवर फळा, फळ्यावर प्रत्येक खोलीचं नाव. असं मी मीटिंगमध्ये मांडणार होतो. तीन रात्री भाषण घोळवलं, हिंदीतून. आमच्याकडे गावकीत मानकरी शेवटी बोलतो. आधी पोरंटोरं बोलतात, मग मधले, मग सगळे गप्प होतात आणि कुणीतरी म्हणतं, बोला. तो बोलला की ठरलं. आमच्या घरात तो मान तीन पिढ्यांचा. मी सुताराला आणि तिसऱ्या खोलीच्या वेल्डरला बजावून ठेवलं, मी बोलेपर्यंत कुणी हात वर करायचा नाही.

शुक्रवारी मेस भरली. आम्ही तिघं पहिल्या बाकावर, मी इस्त्रीचा शर्ट घातलेला. कॅम्प बॉस टेबलावर चढला, कारकुनाने कागद पुन्हा वाचला, मागून दोघातिघांनी काही विचारलं, त्याची उत्तरं झाली. मी घसा साफ केला. आता गप्प होतील, आता विचारतील.

"जिसको मंजूर है, हाथ उठाओ," कॅम्प बॉस म्हणाला.

हात वर व्हायला लागले. मला वाटलं, हे पोराटोरांचं चाललंय. सुतार माझ्याकडे बघत होता. त्याचा उजवा हात गुडघ्यावर होता, बोटं उचलली जायची आणि परत टेकायची. मी त्याला डोळ्यांनी सांगितलं, थांब. कारकुनाने रांगेतून चालत मोजलं, पुन्हा एकदा मोजलं, आणि कॅम्प बॉसच्या कानात सांगितलं.

"उन्नीस. इक्कीस चाहिए था. यल्ला, खलास."

तो टेबलावरून उतरला. लोक ताटं उचलून निघाले. मी बसलेलाच. मला वाटत होतं अजून मीटिंग व्हायची आहे.

कारकून जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "काका, तुम्ही विरोधात होता? मी तुमच्या तीन खोल्या धरल्या होत्या."

इथे मी म्हणायला हवं होतं की बाबा, चुकलं, पुन्हा मोज. लोक अजून दारातच होते. माझ्या तोंडून आलं, "होतो."

तो का म्हणून विचारेल, असं वाटलं. त्याने विचारलं नाही. कागद घडी करून खिशात घातला आणि गेला.

खोलीवर आल्यावर सुतार बराच वेळ पायातले बूट काढत होता. मग म्हणाला, "दादा, तुम्ही काय बोलणार होतात?"

"मला विचारलं असतं तर बोललो असतो."

"मी विचारतोय ना."

मी सांगायला लागलो. खोलीमागे वर्गणी, फळा, फळ्यावर नावं. मेसमध्ये भारी वाटलं असतं ते सहा खाटांच्या त्या खोलीत एवढंसं झालं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे गाडीला तुमचा होकारच होता?"

मी हो म्हणालो. त्याने काढलेले बूट खाटेखाली सारले. 

तीन आठवड्यांनी त्याने स्वतःहून व्हिसा कॅन्सल करून मागितला. मी म्हणालो, पुन्हा मीटिंग घ्यायला लावतो, मी स्वतः बोलतो कॅम्प बॉसशी. तो म्हणाला, नको दादा, आता तुम्ही विरोधात आहात हे सगळ्यांना माहीत आहे. माझं नाव खाली जाऊ नये याची काळजी तो करत होता की मला टोचत होता, ते मला तेव्हा कळलं नाही.

तो गावी गेला आणि वर्षाच्या आत ऑफिसने आपल्या खर्चाने एक पांढरी गाडी आणून उभी केली. शंभराला पाच नाही, हात नाही, मीटिंग नाही. मग आधी आम्हाला विचारलं कशाला, हे मी कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, काका, वरून आलंय. एवढंच.

मी पुढे पाच वर्षांनी कायमचा परतलो. सुतार जिवंत होता, आहे. गावी येऊन त्याने ऑपरेशन करून घेतलं, त्यात वरच्या मजल्याचे पैसे गेले. त्याच्या घरावर सळया अजून तशाच आहेत, गंजलेल्या. त्याची बायको म्हणते, भाऊजी, तुमच्यामुळे हे परत आले, नाहीतर तिकडेच राहिले असते. हे ऐकून मला बरं वाटतं आणि लगेच वाटतं, ही खरं बोलते की नाही. गाडी झाली असती तर तो राहिला असता, घर पूर्ण झालं असतं. की राहिला असता आणि मेला असता? मी उलटसुलट मांडून बघतो. चौघांना विचारलं होतं तेव्हासारखंच होतं, आधीपेक्षा कमी कळतं.

मागच्या वर्षी हिय्या करून त्याच्या पडवीत गेलो. दाराच्या फळीला तो रंधा मारत होता. मला चूक कबूल करायची होती, पण जिभेला ती सवय नाही. मी उलटं त्यालाच विचारलं, "अरे, जीव तुझा होता. खोली तुझी होती. तू तुझा हात का नाही वर केलास?"

त्याने रंधा थांबवला, माझ्याकडे बघितलं, जणू मी काही भलतंच विचारलं.

"तुमच्या आधी?" तो म्हणाला, आणि फळी उलटी करून दुसऱ्या बाजूने रंधा मारायला लागला.