ऑपरेशन थिएटरच्या हवेतली काळी बुरशी

तिसऱ्या खेपेलाही प्लेट काळी आली. मी लॅबच्या हवा-तपासणीच्या रिपोर्टवर 'नापास' लिहिलं आणि बडोद्यातल्या फतेगंजच्या त्या नव्या डोळ्यांच्या हॉस्पिटलला फोन लावला.

"मॅडम, सोमवारी पहिलं ऑपरेशन आहे. माझ्याच वडिलांचा, अण्णांचा मोतीबिंदू," डॉक्टर म्हणाले. "थिएटर पुन्हा एकदा धुऊन घेऊ?"

"धुऊन धुऊन भिंतींचा रंग जायची वेळ आलीय. दोष हवेत आहे. ही बुरशी डोळ्यात गेली तर अण्णांचा डोळा जाईल. सोमवार विसरा."

बोलले खरी, पण कारण सापडत नव्हतं आणि माझी झोप उडाली होती.

प्लेट म्हणजे जंतूंचं खाणं ओतलेली काचेची चपटी डिश. तासभर उघडी ठेवायची, मग झाकून काही दिवस थांबायचं. हवेतून जे पडलं असेल ते ठिपक्यांनी वर येतं. नव्वदच्या दशकात बडोद्यात सेंट्रल एसीचं वेड आलं आणि नव्या इमारतींच्या खिडक्या कायमच्या बंद झाल्या. आत तीच हवा फिरते, सोबत जंतूही.

मग मी एक प्लेट एसी बंद ठेवून लावली, एक चालू ठेवून. पहिली जवळजवळ कोरी निघाली, दुसरी काळी. चोर एसीतच होता.

आता उघडू तरी काय, म्हणून मेकॅनिक हसमुखभाई वैतागला. "बेन, मशीन नवुं छे, फिल्टर पण नवुं छे. हवे शुं खोलुं?"

"फिल्टर पछीनुं ढांकणुं खोलो."

फिल्टर नवा असेल, तर घाण हवा गाळून झाल्यावरच मिसळत असणार. त्यानं फिल्टरच्या नंतरचं झाकण काढलं. आत लाल कापडात बांधलेला नारळ होता, दमट हवेत कुजून काळाठिक्कर पडलेला. हसमुखभाईनं आधी हात जोडले.

"हा कुणी ठेवला?" डॉक्टर ओरडलेच.

"मी," मागे उभे असलेले अण्णा म्हणाले. "वास्तुशांतीचा आहे. सगळी हवा इथूनच जाते, तूच सांगितलंस ना? म्हटलं, नारळावरून जाऊ दे, पेशंटचं भलं होईल."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मला मात्र इतकं हलकं वाटलं की मी हसतच सुटले.

नारळ अण्णांनी बागेत पुरला. मशीन आतून धुतलं, वाळवलं, पुन्हा प्लेट लावल्या. पाचव्या दिवशी एकही ठिपका नव्हता. रिकामी डिश बघून इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. अण्णांचं ऑपरेशन झालं, आणि पट्टी सुटल्यावर त्यांनी माझा रिपोर्ट चष्मा लावून स्वतः वाचला.

तेव्हापासून नव्या इमारतीत गेले की मी फिल्टरचं नंतर बघते. आधी मालकांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारते, "वास्तुशांतीचा नारळ कुठे ठेवलात?"