विमलाची पूर्व आणि पश्चिम

विमला आकडे घरी बसून लिहिते, भाजी निवडता निवडता! ही कुजबुज कॉलेजात आधी कुणी सोडली ते मला माहीत नाही. पण चहाच्या टेबलावर तिला फोडणी घालणाऱ्यांत मी होतो, हे कबूल. ऑफिसातल्या जुन्या क्लार्कला दुसरा उद्योग काय?

विमला म्हणजे भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सहायक. अवकाशातून येणारे वैश्विक किरण मोजायचं यंत्र आमच्या गच्चीवर आहे. त्याचा हात अर्धा तास पश्चिमेकडं कलतो, अर्धा तास पूर्वेकडं. आकडे खाली खोलीत पडद्यावर येतात. ते ही बाई नऊ वर्षं वहीत उतरवतेय. हे किरण सगळीकडून सारखे येत नाहीत. पृथ्वीच्या चुंबकत्वानं वळतात, म्हणून पश्चिमेकडून जास्त. वहीसुद्धा तेच सांगायची. यंदा दसऱ्यापासून मात्र पूर्व वरचढ झाली, ती तीन आठवडे रोज!

विभागप्रमुख दत्तप्रसाद सर भडकले. 'आकडे मनानं लिहिले' असा कबुलीजबाब टाइप करून त्यांनी तिच्यापुढं सरकवला. सही केली की नोकरी गेलीच.

"करा सही. पृथ्वीचं चुंबक काय तुमच्यासाठी उलटं झालं?"

"चुंबकाचं मला ठावं न्हाय, सर. दिसलं ते लिवलंय! नऊ वर्सं आकडा बरोबर हुता, तवा एकानं तरी इचारलं व्हय, विमले, जेवलीस का म्हणून?"

कागद मुठीत चुरगाळून ती तरातरा गच्चीवर गेली. मागं सर. फुकटचा तमाशा कोण सोडतो? मीही गेलो. संध्याकाळचे साडेपाच. खाली पडद्यावर 'पश्चिम' लिहिलेलं बघूनच आम्ही निघालो होतो.

"सूर्य कुठं हाय, सर?"

"हा काय, समोर."

"आन् ह्यो हात?"

हात सूर्याकडं पाठ करून होता. यंत्राच्या गळ्यात वाळक्या झेंडूची माळ.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, तेव्हा विमला माहेरी आजऱ्याला होती. पूजेला तोंड पूर्वेला हवं, म्हणून यंत्र बैठकीसकट फिरवलं गेलं. परत जागेवर आणायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

"फिरवलं कुणी वो?"

सर चष्मा पुसायला लागले.

"आता पुसताय व्हय! आन् तुमी, क्लार्कसाहेब? भाजी निवडत हुते न्हवं मी?" मला तोंड लपवायला पाण्याची टाकीसुद्धा लांब होती. तिनं कागद सरळ केला आणि सरांच्या खिशात कोंबला. "तुमचं नाव घाला. सही तुमची लागंल."

विमलानं एकही आकडा घरी बसून लिहिला नव्हता. यंत्र दत्तप्रसाद सरांनी फिरवलं होतं.