स्पिरिट चालतं, रम चालत नाही

"हे दारूचं विष आहे," साताऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले आणि मलाच विचारलं, "रोज किती पिता?"

मी जन्मात थेंब घेतला नव्हता. डोळ्यांपुढं सगळं ताकासारखं पांढरं, पोटात आग, आणि वर हा प्रश्न! तळपायाची आग मस्तकात गेली.

माझा खोकला हटत नव्हता. विश्रामबागच्या बहिणीनं अडुळशाचं टिंक्चर करायला सांगितलं, म्हणजे पाला दारूत मुरवून काढलेला अर्क. "रममध्ये मुरव आणि थेंबांनी घे," असं तिनं बजावलं होतं. रम घरात होतीच. आमचे हे लष्करातून निवृत्त झालेले, कँटीनची बाटली ट्रंकेत पडून होती.

पण रहिमतपुरात आमच्या घरी शब्द चालायचा थोरल्या दिरांचा, आप्पांचा. आप्पा माळकरी. "दारू हाय ती! औषदात बी चालायची न्हाई," म्हणाले आणि सुताराकडून पॉलिशचं स्पिरिट घेऊन आले. "दवाखान्यात सुईच्या आदी लावत्यात, त्येच हाय ह्ये." पाला त्यातच मुरवला, मग काढा द्यावा तसा अर्धा अर्धा कप त्यांनीच मला पाजला. नावाला ते भुलले, भोगलं मी.

ह्यांनी सोबत आणलेली अर्काची बाटली हुंगल्यावर डॉक्टरांचा सूर बदलला. हे मेथनॉल पॉयझनिंग. पॉलिशच्या स्पिरिटमध्ये मेथनॉल हे विष असतं आणि ते ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे डोळ्याची नस, मारतं. "दोन्ही डोळे जाऊ शकतात. उतारा म्हणजे चांगली दारू, तीही आमच्या मापानं. घरी कुणाकडे आहे?"

हे ओळखीच्या जीपनं रहिमतपूरला पळाले. आप्पा मात्र खाटेशी उभे राहून म्हणतात, "आवं डाक्टर, दुसरं कायतरी द्या की!"

"देतो ना. पांढरी काठी देऊ?"

आप्पा खाटेपासून मागं सरले. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही, औषधासाठी आणि ह्या उत्तरासाठीही.

हातात सलाइन, घशाखाली रम. समोर खिडकी आहे म्हणायचे, मला नुसता उजेड दिसायचा. पोरांची तोंडं आता दिसायची नाहीत ह्या भीतीनं मी रडायची. एका सकाळी खिडकीचे गज दिसले, मग त्यावरची चिमणी. उजवा डोळा परत आला. डावा अधूच राहिला.

घरी आल्यावर आप्पा हळूच म्हणाले, "रम पाजली म्हून गावात सांगू नगंस. लोक काय म्हनतील?"

माझा डोळा गेला त्याची लाज नाही, रमची लाज!

"सांगणार आप्पा, साऱ्यांना सांगणार," मी म्हटलं. म्हणून तुम्हालाही सांगते: घरी अर्क मुरवत असाल तर बाटलीवरच्या नावावर जाऊ नका, आत काय आहे ते विचारा.

अडुळसा मी पुन्हा मुरवला, रममध्येच. बाटली देवघराशेजारच्या फळीवर ठेवली आहे. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, रम. मला अधू डोळ्यानं वाचता यावं म्हणून, आणि आप्पांना चष्म्याशिवाय.