सोमवारी वादाचा कागद नको!

सरकारी कचेरीत कामापेक्षा किस्सेच जास्त साठतात. कामाची निदान कधीतरी विल्हेवाट लागते, किश्शांची लागत नाही! दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी नगरला जमिनीच्या एका कचेरीत नक्कल-कारकून होतो. जुन्या नोंदींच्या नकला उतरवून द्यायच्या, एवढंच काम. पण त्या चार-सहा महिन्यांत जितका वैतागलो, तितका पुढे सबंध नोकरीत वैतागलो नाही.

कारण आमचे नवे साहेब! माणूस सज्जन, पण पुण्याहून येताना एक खूळ घेऊन आले होते. "सोमवार प्रसन्न, तर आठवडा प्रसन्न!" दर सोमवारी अकरा वाजता सगळ्यांनी त्यांच्यासमोर उभं राहायचं आणि एकेकाने हसतमुखाने एक चांगली गोष्ट सांगायची. मगच कामाला हात.

पहिली पाळी आली गोविंदरावांवर. दप्तरखान्यात तीस वर्षं धूळ खाल्लेला माणूस. बराच वेळ छताकडे बघून म्हणाले,

"काल कचेरी बंद होती."

*

चांगल्या गोष्टी नुसत्या सांगून भागतंय थोडंच! आमच्या हेडक्लार्क तात्यांनी त्या गोष्टींचं रजिस्टर सुरू केलं. अनुक्रमांक, नाव, चांगली गोष्ट, शेरा. सगळं लाल शाईने आखून.

एका सोमवारी शेजारच्या टेबलावरचे जोशी लाजत लाजत म्हणाले, "काल मला मुलगा झाला."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांनी मान वर न करता विचारलं, "दाखला जोडलाय?"

*

मला तर मेमोच मिळाला! 'सोमवारी आपला चेहरा उदास आढळला. लेखी खुलासा करावा.'

मी लिहून दिलं, 'चेहरा जन्मापासून असाच आहे.'

दुसऱ्या दिवशी साहेबांचा शेरा आला, 'शनिवारपर्यंत सुधारणा करावी.'

आता बोला!

*

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण मग साहेबांनी नवी ऑर्डर काढली. सोमवारी मन कलुषित व्हायला नको, म्हणून वादाचा कागद त्या दिवशी टेबलावर यायचा नाही आणि दारातून बाहेरही जायचा नाही!

यात सापडले केरूबाबा. पाथर्डीकडचे. शेतातल्या सामाईक विहिरीत त्यांच्या वडिलांचा निम्मा हिस्सा होता. आता चुलतभाऊ म्हणत होता, सगळी विहीर माझी. जुन्या नोंदीची नक्कल कोर्टात दाखवली की बाबांचं पाणी वाचणार होतं, नाही तर गेलंच.

नक्कल मी पहिल्याच आठवड्यात उतरवली, मंगळवारी साहेबांची सहीही घेतली. पण बाबांना द्यायची कधी? पेट्रोल नव्हतं, त्यांच्या भागातली सर्व्हिस मोटार कोळशावर चालायची. तीही फक्त सोमवारी नगरला यायची आणि दोन वाजता परत फिरायची. घरी म्हातारी अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे मुक्कामाची सोय नाही. आणि तात्यांच्या रजिस्टरात अंगठा उठवल्याशिवाय नक्कल हातात पडत नाही.

"तात्या, अहो, कागद तयार आहे. देऊन टाका की!" मी म्हणालो.

"वादाचा आहे. उद्या बोलवा."

"उद्या मोटार नाही!"

"मग पुढच्या सोमवारी बोलवा."

असे तीन सोमवार गेले. नक्कल माझ्या खणात, बाबा माझ्यासमोर बाकावर. "जाऊ द्या, भाऊसाहेब, तुमी तरी काय करनार?" असं तेच मला समजवायचे. मला माझीच लाज वाटायची.

*

चौथ्या सोमवारी बाबा आत आले ते थेट आमच्या ओळीत येऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी तिकडच्या कोर्टात तारीख होती, हे मला माहीत होतं.

साहेब मात्र खूश. "वा! आज बाहेरचा माणूस! बोला बाबा, काय चांगली गोष्ट?"

बाबांनी हात जोडले. "सायेब, माजा न् चुलतभावाचा वाद मिटला."

"शाब्बास!" साहेब खुर्चीतून उठलेच. "बघा, हा सोमवारचा गुण!"

तात्यांनी टाक शाईत बुडवला. "दाखला?"

"त्यालाच तर तुमचा त्यो कागद लागतुया न्हवं!"

"मग वाद नाहीच राहिला!" साहेब म्हणाले. "तात्या, अंगठा घ्या आणि ताबडतोब देऊन टाका."

मी खण उघडून नक्कल काढली. बाबांनी अंगठा उठवला, कागदाची घडी केली, पटक्यात खोचली आणि मोटारीच्या दिशेने निघाले. मी दारापर्यंत त्यांच्या मागे धावलो.

"बाबा, खरंच मिटला का वाद?"

बाबांनी पटका चाचपून बघितला.

"मिटंल की उद्या!"