शिवाप्पाअण्णांची लांबची वाट

शिवाप्पाअण्णा गेल्याचा फोन चुलतभाऊ महादेवने केला, तेव्हा मी पहिलं विचारलं, “नक्की का?” या माणसावर मी इतकी वर्षं संशय घेतला होता, की त्यांच्या मरणावरही चटकन विश्वास बसेना.

अण्णा आमच्या मंद्रूपजवळच्या गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. भांडणं कोर्टात जाण्याआधी गावातच मिटवायची, हे त्यांचं काम. मुळात मेंढरं राखणारा माणूस. कुणाची शेळी कुणाच्या पिकात शिरली, याचे निवाडे रानातच करायचे. त्यातून नाव झालं आणि ग्रामसभेनं हात वर करून त्यांना निवडलं, तेही पुन्हा पुन्हा. पुढे तालुक्याच्या लोकअदालतीतही पंच म्हणून बोलावणं येऊ लागलं. एका वर्षी मी तर दोन्ही हात वर केले होते… माझंच प्रकरण त्यांच्यापुढे होतं ना!

महादेवला त्याच्या रानात जायला माझ्या शेतातून वाट हवी होती. मी अण्णांना घरी बोलावलं, शेंगापोळीवर तूप ओतलं. अण्णा पोटभर जेवले आणि दुसऱ्या दिवशी महादेवला वाट देऊन मोकळे झाले.

“अण्णा, काल तर जेवलात की!”

“लई झ्याक होतं. पोळीचा निकाल कालच दिला, वाटेचा आज.”

मग माझ्या ध्यानात आलं, महादेवच्या पलीकडे अण्णांचंही रान आहे. झालं! मी काम करतो त्या टॉवेलच्या कारखान्यापासून मंद्रूपच्या बाजारापर्यंत बोंब मारली, अण्णांनी स्वतःसाठीच वाट काढली म्हणून. अण्णा मात्र ती वाट सोडून वैरणीचा भारा घेऊन ओढ्याला वळसा घालून लांबनं जाऊ लागले. मी म्हणालो, निवडीपुरतं नाटक. अध्यक्षपद सुटलं तरी तेच. मी म्हणालो, मोठ्या निवडणुकीवर डोळा असणार. गुडघे गेले, काठी आली, तरी लांबनंच.

माती त्यांच्याच रानात द्यायची होती. तिरडी घेऊन त्यांचा मुलगा बसू ओढ्याकडे वळला.

“बसू, हितनं चल की. जवळ पडतंय.”

“न्हाय काका. अण्णांनी सांगून ठिवलंय.”

“अरे, रान माजं हाय. मी सांगतोय की!”

“तुमी असं म्हणणार, ते बी सांगून ठिवलंय.”

“मग मी काय करू?”

“खांदा द्या म्हनले. वाट लांबची हाय.”

दिला.

बसू अजून वैरण ओढ्याकडूनच नेतो. मी बांधावरून हाका मारतो, “ये की हितनं!” तो हसतो आणि पुढे जातो… अण्णांविरुद्ध बाजारभर दिलेली साक्ष फिरवायला मी कधीचा तयार आहे, पण ती ऐकून घ्यायला अण्णा नाहीत.