आईसाठी शॉकअप: जबलपूर ते नागपूर आणि परत

वीस वर्षं जुनी, ऐटबाज जर्मन गाडी बाबांनी निवृत्तीनंतर हौसेनं घेतली. भेडाघाटला जाताना तिनं आईच्या दुखऱ्या कमरेला असे दणके दिले, की आई अर्ध्या वाटेत उतरून ऑटोनं घरी आली. पुढे नागपूरला मावशीकडे गेली तीही ट्रेननं. परतीचं शुक्रवारचं तिकीटही काढून ठेवलं. बाबांना ते फार लागलं. बुधवारी पहाटे आम्ही बापलेक निघालो. नागपुरात नवे शॉकअप बसवायचे आणि आईला याच गाडीतून घरी आणायचं.

लखनादौन, सिवनी, मग पेंचचं जंगल. पाचेक तासांचा सुरेख रस्ता. फास्टॅग भरून ठेवा. गाडी होडीसारखी डोलत होती आणि मला सारखं हसू फुटत होतं. मनसरला तर्री-पोहे खाल्ले, जीभ भाजली, तरी दुसरी प्लेट मागवलीच.

नागपुरात स्पेअर पार्टच्या दुकानदारानं आधी कडक शॉकअप दाखवले. "वळणावर गाडी रस्ता सोडत नाही, काका."

"मला शर्यत नाही लावायची. बायको घरी न्यायची आहे," बाबा म्हणाले.

मग मऊ निघाले. बाबांची सगळी नोकरी खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात माल तपासण्यात गेलेली. पुढच्या चाकांची जोडी त्यांनी लगेच पास केली. मागच्या चाकांच्या जोडीचे दोन्ही दांडे एकदम दाबून सोडले, तर एक रेंगाळत वर आला. बाबांनी खिशातून खडू काढला आणि दोन्हींवर फुली मारली. दुसऱ्या जोडीवरही.

"काका, माल अजून माझा आहे," दुकानदार कळवळला.

"सवय हो. पुसून देतो," बाबा ओशाळले.

दुकानदारानं स्वतः दाबून पाहिलं आणि त्या दोन्ही जोड्या बाजूला ठेवल्या. तिसरी जोडी बाबांना पसंत पडली. तुम्हीही शॉकअप जोडीनंच बदला, वरचे रबरही नवे घ्या. खर्च? बाबांची महिन्याभराची पेन्शन.

गुरुवारी मावशीच्या दारात आई हटूनच बसली. "काहून एवढी जिद्द करून राहिले तुम्ही? तिकीट आहे न माझ्याजवळ."

"मनसरपर्यंत चल. दुखलं तर परत फिरू," बाबा म्हणाले. आई मागच्या सीटवर बसली. मनसर आलं, गेलं. परत फिरायचं का, हे विचारायची हिंमत आम्ही केली नाही.

जबलपूरला घरासमोर गाडी थांबली, तेव्हा बाबांना राहवेना. "कसं वाटलं मग?"

आई पदर सारखा करत उतरली. "मला काय ठाऊक? मी तर सिवनीपासून झोपून होती."

प्रवासातलं काय उरलं म्हणाल, तर बाबा त्या संध्याकाळी कॉलनीतल्या प्रत्येकाला थांबवून सांगत होते, की ती झोपली होती.